एसआरडी पल्स जनरेटर: स्कोप ५० ओहमवर घेतला की एज का मरते

एसआरडी म्हणजे स्टेप रिकव्हरी डायोड, लॉजिक गेटच्या संथ चढणीतून वेगवान एज, म्हणजे व्होल्टेजची उभी पायरी, काढणारा. स्कोप म्हणजे ऑसिलोस्कोप. लक्षण आधी सांगतो. बोर्ड तयार आहे, क्लॉक चालू आहे, स्कोपचा इनपुट १ मेगाओहमवर आहे आणि स्क्रीनवर पायरी दिसते आहे. तिच्यामागे थोडं रिंगिंग आहे, पण ती उभी आहे. मग रीतसर मोजायचं म्हणून तुम्ही स्कोप ५० ओहमवर घेता आणि पायरी जाते. तिच्या जागी लॉजिक गेटची साधी तिरकी चढण उरते. प्रीसेट (डायोडचा करंट ठरवणारा, फिरवायचा छोटा रेझिस्टर) फिरवला की पायरी परत येते, दुसऱ्या दिवशी पुन्हा नाहीशी होते. डायोड बदलला की तासभर बरं चालतं आणि पुन्हा तेच.

माझ्या बोर्डावर हे तीनदा घडलं. तिन्ही वेळा बिघाड वेगळा होता, पण तिन्ही वेळा तो एकाच हिशेबातून सापडला: स्टेप रिकव्हरी डायोडमधून प्रत्यक्षात किती मिलिअँप वाहतात? सप्लायमधून किती निघतात हा प्रश्न वेगळा आहे. या दोन आकड्यांत जो फरक पडतो, त्यातच बहुतेकांचा आठवडा जातो. म्हणून तो हिशेब इथे पूर्ण मांडतो. मल्टिमीटर असला तरी पुरे.

सर्किट साधं आहे. १० मेगाहर्ट्झचा क्रिस्टल ऑसिलेटर, त्यापुढे ७४एसी०४, सहा इन्व्हर्टरांचा आयसी. त्यातला एक इन्व्हर्टर बफर म्हणून आणि उरलेले पाच (पुढे ‘गेट’ म्हणतो ते हेच) समांतर, प्रत्येकाच्या आउटपुटला २२० ओहम. पाच २२० समांतर म्हणजे ४४ ओहम, गेटचा स्वतःचा रेझिस्टन्स धरून पन्नासच्या आसपास. हे पाचही पाय एका ५० ओहमच्या ट्रॅकवर येतात. त्याच ट्रॅकवर एसआरडी, कॅथोड ट्रॅकला आणि अॅनोड ग्राउंडला. उणे १२ व्होल्टकडून बायस, म्हणजे सतत ओढला जाणारा करंट, येतो: १८० ओहम, मग १०० ओहमचा प्रीसेट, मग ट्रॅकला अगदी चिकटून ४७ ओहम. ट्रॅकच्या टोकाला एसएमए कनेक्टर, त्यावर २० डीबीचा अॅटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा तुकडा), मग स्कोप.

गेट लो असताना उणे १२ व्होल्ट डायोडमधून फॉरवर्ड करंट ओढतो आणि डायोडमध्ये चार्ज साठतो. गेट हाय झाला की करंट उलटतो, पण साठा संपेपर्यंत डायोड चालूच राहतो आणि ट्रॅक उणे पाऊण व्होल्टवर धरून ठेवतो. साठा संपला की डायोड एकदम तुटतो. साधा डायोड हळूहळू बंद होतो, शेपटी सोडत. एसआरडीच्या आतल्या डोपिंगची रचनाच अशी असते की चार्ज जंक्शनजवळ दाबून ठेवला जातो आणि शेवटपर्यंत जवळजवळ सगळाच परत काढता येतो, म्हणून शेपटी उरत नाही. चांगल्या डायोडची ही तुटण्याची क्रिया शंभर-दोनशे पिकोसेकंदांत होते. बॉफ, मोल आणि शेन यांनी १९६० साली हा परिणाम मांडला, म्हणून जुन्या लोकांच्या तोंडी ‘बॉफ डायोड’ किंवा ‘स्नॅप-ऑफ डायोड’ ही नावंही असतात. म्हणजे आपण साठ वर्षांहून जुनी युक्ती वापरतो आहोत, आणि दीड-दोन नॅनोसेकंदांच्या गेटमधून त्याच्या दहाव्या भागाची एज काढायला आजही घरी करता येण्याजोगी याच्याइतकी स्वस्त वाट मला माहीत नाही.

आता हिशेब.

गेट लो आहे, ट्रॅक उणे ०.७५ व्होल्टवर आहे. गेटच्या बाजूला ५० ओहम आहेत आणि त्यांचं दुसरं टोक शून्य व्होल्टवर, म्हणून तिकडून १५ मिलिअँप ट्रॅककडे येतात. लोडच्या बाजूलाही ५० ओहम, तिकडून आणखी १५. बायस रेझिस्टरने ओढलेल्या करंटपैकी ३० मिलिअँप असे बाहेरच्या बाहेर भागतात आणि डायोडच्या वाट्याला त्यावरचेच येतात. प्रीसेट पूर्ण घातला तर एकूण ३२७ ओहम होतात आणि बायस ३४ मिलिअँप. त्यातले ३० गेले, डायोडला ४. हाच स्कोप अॅटेन्युएटरशिवाय थेट जोडून १ मेगाओहमवर असेल तर लोडचे १५ वाचतात आणि डायोडला १९ मिळतात. म्हणजे ५० ओहमवर घेताक्षणी तुम्ही डायोडचा पाचातला चार भाग करंट काढून घेतलात. पायरी मरणारच.

माझा पहिला बिघाड हाच होता. सप्लायवर ३४ मिलिअँप दिसत होते, डेटाशीटमध्ये चाचणीचा करंट १० मिलिअँप लिहिलेला होता, म्हणून बायस भरपूर आहे असं मी धरून चाललो होतो आणि दोन चांगले डायोड उगाच काढून फेकले. तेव्हा मी मीटर लावायला हवा होता तो सप्लायच्या वायरीत नाही, ४७ ओहमवर.

ती तपासणी अशी. क्लॉक थांबवा. इथे एकदा नीट पाहा: बफर इन्व्हर्टरचा इनपुट लो असेल तर बफर हाय आणि पाचही आउटपुट लो. म्हणून तो इनपुट ग्राउंडला बांधा. लोड आणि अॅटेन्युएटर जोडलेलेच ठेवा, तेच तर तपासायचं आहे. ४७ ओहमच्या दोन टोकांमधले व्होल्ट मोजा आणि ४७ ने भागा, तो एकूण बायस. २.३५ व्होल्ट आले तर ५० मिलिअँप. मग ट्रॅक ते ग्राउंड मोजा. जो आकडा येईल तो ५० ने भागा, दुप्पट करा आणि बायसमधून वजा करा. उरलं ते डायोडचं. मीटरच्या लीडने ट्रॅकवर काही बिघडत नाही, क्लॉक बंद आहे.

ट्रॅकवरचा हा एक आकडा बरंच काही सांगून जातो. प्रीसेट शून्यावर ठेवून मोजा. उणे ०.७५ ते ०.८ च्या आसपास असेल तर सिलिकॉन डायोड योग्य दिशेने चालू आहे. उणे १.२ च्या जवळ असेल तर डायोड चालतच नाही: उलटा बसला आहे, फुटला आहे किंवा सोल्डरचा डाग धरलेला नाही. डायोडशिवाय नुसत्या रेझिस्टरांनी तेवढाच आकडा येतो. उणे ०.४ च्या आसपास असेल तर डायोड शॉट्की आहे आणि त्यात चार्ज साठतच नाही. तो कितीही महागाचा असो, या जागी निरुपयोगी आहे.

हा शेवटचा प्रकार माझा तिसरा बिघाड होता. पहिल्या पाकिटातले डायोड चालले, त्याच नावाचं दुसरं पाकीट दुसरीकडून मागवलं आणि एकाही डायोडने पायरी दिली नाही. मीटरवर उणे ०.४२. काचेचं तेच इवलंसं शरीर, तोच पट्टा, पण आत भलतंच काही. तेव्हापासून कुठूनही आलेला एसआरडी आधी या सर्किटवर मीटरने पाहतो आणि मगच डब्यात ठेवतो. साधा १एन४१४८ लावून पाहण्याचा मोह अनेकांना होतो, म्हणून सांगतो: तो मुद्दाम सोन्याचं डोपिंग करून साठा लवकर मरावा असाच बनवलेला असतो, त्याची रिकव्हरी ४ नॅनोसेकंदांच्या आतली. आपल्याला हवं ते नेमकं उलट, साठा टिकणारा आणि शेवटी एकदम संपणारा.

मीटरवर सिलिकॉन दिसला म्हणजे तो एसआरडी आहे असं मात्र नाही. त्यासाठी प्रीसेट आणि स्कोप लागतो, आणि इथे या सर्किटची मला सर्वांत आवडणारी गोष्ट येते.

गेट हाय झाल्यावर ५.७५ व्होल्ट ५० ओहमवर पडतात, म्हणजे ११५ मिलिअँप. लोडकडून अजून १५ येतात. त्यातून बायस वजा केला की उरतो तो रिव्हर्स करंट. बायस ५० असेल तर रिव्हर्स ८० आणि फॉरवर्ड २०. बायस ४० असेल तर रिव्हर्स ९० आणि फॉरवर्ड १०. बेरीज नेहमी १०० मिलिअँप. डायोड किती वेळ धरून ठेवील ते लाइफटाइम (साठलेला चार्ज आपोआप विरायला लागणारा सरासरी वेळ) गुणिले नैसर्गिक लॉगॅरिदम, आणि लॉगॅरिदमच्या आत एक अधिक फॉरवर्ड भागिले रिव्हर्स. २० नॅनोसेकंद लाइफटाइमचा डायोड धरा. फॉरवर्ड ४ मिलिअँपला हा थांबा ०.८ नॅनोसेकंद येतो, १० ला २.१, आणि २० ला साधारण ४.५. १० मेगाहर्ट्झवर चार्ज भरायला ५० नॅनोसेकंदच मिळतात, त्यामुळे प्रत्यक्षात आकडे थोडे कमी भरतात, पण चित्र हेच.

आता ०.८ नॅनोसेकंदाचा अर्थ पाहा. ७४एसी०४ ची स्वतःची चढण दीड-दोन नॅनोसेकंदांची आहे. गेट अजून अर्ध्या चढणीवर असतानाच साठा संपला तर डायोड तुटतो तेव्हा मागे ढकलायला पूर्ण करंट नसतो. मग छोटीशी पायरी येते आणि उरलेली वाट गेटच्या संथ चालीने जाते. स्क्रीनवर ती एज ‘मेलेली’ दिसते, पण डायोड बिचारा आपलं काम करून मोकळा झालेला असतो, फक्त वेळेआधी. थांबा गेटच्या चढणीपेक्षा थोडा जास्त हवा. माझ्या बोर्डावर फॉरवर्ड १० ते १५ मिलिअँपमध्ये पायरी पूर्ण उंचीची येते, उणे ०.७५ पासून अधिक १ व्होल्टच्या किंचित वरपर्यंत, एकूण १.८ च्या आसपास. त्याहून जास्त बायस दिला तर एज सुधारत नाही, फक्त उशिरा येते.

स्कोपच्या एका चॅनेलवर क्लॉक घ्या, दुसऱ्यावर अॅटेन्युएटरमधून आउटपुट. ट्रिगर क्लॉकवर. आता प्रीसेट सावकाश फिरवा. खरा एसआरडी असेल तर आख्खी पायरी क्लॉकच्या संदर्भात उजवीकडे सरकत जाते, आकार न बदलता, जणू कुणी कागदाची पट्टी ओढावी तशी. साधा पीएन डायोड असेल तर तीही सरकते, पण सरकता सरकता लोळायला लागते, वरचा खांदा गोल होतो. हा फरक साध्या २०० मेगाहर्ट्झच्या स्कोपवरही डोळ्यांना दिसतो. आणि सरकलेल्या अंतरावरून लाइफटाइम काढता येतो: फॉरवर्ड २० आणि रिव्हर्स ८० असताना थांबा मोजा आणि ०.२२ ने भागा.

लाइफटाइम १०० नॅनोसेकंदांच्या घरातला निघाला तर तो डायोड या सर्किटला जड आहे. ५० नॅनोसेकंदांत त्याचा साठा चाळीस टक्केसुद्धा भरत नाही, थांबा लांबतो, आणि लांब लाइफटाइमचे डायोड तुटतातही हळू. क्लॉक कमी करून आणि बायस उतरवून तो चालवता येईल, पण वेगवान एज हवी असेल तर दहा-वीस नॅनोसेकंदांचाच डायोड शोधा.

मी इथे २०० मेगाहर्ट्झचा स्कोप म्हणालो, त्यावर थोडं बोलायलाच हवं, कारण ‘एसआरडी लावूनही काही फरक नाही’ अशी तक्रार निम्म्या वेळा स्कोपची असते. स्कोपची स्वतःची चढण म्हणजे ०.३५ भागिले बँडविड्थ. २०० मेगाहर्ट्झला १.७५ नॅनोसेकंद. त्यावर १५० पिकोसेकंदांची एज घातली तर वर्गांच्या बेरजेच्या वर्गमूळाने स्क्रीनवर १.७६ दिसणार. एज ३०० पिकोसेकंदांची असती तरी १.७८. म्हणजे हा स्कोप तुम्हाला एजची वेळ सांगू शकतो, वेग नाही. १ गिगाहर्ट्झच्या स्कोपवर तीच १५० ची एज ३८० पिकोसेकंद दिसते, तिथून निदान उलटा हिशेब करता येतो.

मोठा स्कोप हाताशी नसेल तर दुसरी वाट आहे, आणि ती मला स्कोपपेक्षाही खात्रीची वाटते: आरटीएल-एसडीआर डोंगल, म्हणजे कॉम्प्युटरला लावायचा स्वस्त रेडिओ रिसीव्हर. १० मेगाहर्ट्झच्या या पल्सचे हार्मोनिक, म्हणजे त्याच्या पटीतल्या फ्रिक्वेन्सी, दर १० मेगाहर्ट्झवर उभे असतात. एजची चढण दीड नॅनोसेकंद असेल तर साधारण २०० मेगाहर्ट्झच्या पुढे ते दुप्पट वेगाने घसरतात. चढण १५० पिकोसेकंद असेल तर ही घसरण २ गिगाहर्ट्झनंतर सुरू होते. म्हणून १४९० मेगाहर्ट्झवरचा हार्मोनिक पाहा. डोंगलचा गेन हाताने कमी करून कायम ठेवा, ऑटो गेन बंद, आणि पुढे किमान ४० डीबीचा अॅटेन्युएटर लावा, नाहीतर खालच्या दांडग्या हार्मोनिकांनी डोंगलचं पुढचं टोक गुदमरेल आणि जे दिसेल ते खोटं असेल. आता प्रीसेट फिरवा. डायोड नीट तुटायला लागला की तो हार्मोनिक १० डीबीहून जास्त उडी मारतो. मी प्रीसेटची शेवटची जागा अशीच ठरवतो: हार्मोनिक सर्वांत उंच होतो तिथून बायस जरासा वाढवून.

प्रोबबद्दल एकच वाक्य, पण कळकळीने. चालू क्लॉकवर १०:१ प्रोब ट्रॅकला लावू नका. त्याचे १० पिकोफॅरड या ट्रॅकच्या बावीस-तेवीस ओहमवर एकट्याने अर्ध्या नॅनोसेकंदाची चढण लादतात, आणि त्याच्या ग्राउंडच्या शेपटीचं रिंगिंग तुम्ही डायोडच्या नावावर लिहाल.

दुसरा बिघाड सांगायचा राहिला. सकाळी लावलेला बोर्ड दुपारपर्यंत एज सोडायचा. थंड झाला की परत ठीक. मे महिना होता, खोलीत ३८ अंश, म्हणून मी तापमानालाच दोष देत होतो. त्यात थोडं तथ्यही आहे: सिलिकॉन तापलं की लाइफटाइम वाढतो आणि पायरी उजवीकडे सरकते. पण माझी पायरी डावीकडे येत होती. हे लक्षात यायला मला दोन दिवस लागले. डावीकडे याचा अर्थ साठा कमी होतो आहे, म्हणजेच बायस घटतो आहे. ४७ ओहमवर मीटर लावून बसलो तर व्होल्ट डोळ्यांदेखत उतरत होते.

दोषी होता १८० ओहमचा रेझिस्टर. त्यातून ५० मिलिअँप जाताना ०.४५ वॉट जळतात आणि मी तिथे हाताला आलेला पाव वॉटचा कार्बन रेझिस्टर बसवला होता. रंगाचे पट्टे करपून तपकिरी झाले होते आणि काढून मोजला तेव्हा तो २३० ओहम भरला. मधल्या प्रीसेटवर हिशेब करून पाहा: १८० असताना एकूण २७७, बायस ४०.६, डायोडला १०.६. तोच २३० झाला की एकूण ३२७, आणि डायोडला पुन्हा तेच चार मिलिअँप. १ वॉटचा मेटल फिल्म बसवला, डायोडपासून लांब, बोर्डापासून थोडा उचलून. ट्रॅकला चिकटलेला ४७ मात्र छोटा एसएमडीच हवा, १२०६ आकाराचा. मोठ्या रेझिस्टरचं अंग ट्रॅकला लागलं की त्याचं ग्राउंडशी असलेलं कपॅसिटन्स एज खातं. लहान रेझिस्टर पुढे असला की मागचं सगळं ट्रॅकपासून तुटलेलं राहतं.

तेव्हा सरकण्याची दिशा आधी पाहा. उजवीकडे हळूहळू सरकते ती उष्णता, डायोडजवळ गरम सोल्डरिंग आयर्न धरून खात्री करता येते. डावीकडे सरकते ती बायसची चोरी. आणि जागच्या जागी थरथरते ती सप्लायची घाण. मधल्या प्रीसेटवर उणे १२ व्होल्टवरच्या ५० मिलिव्होल्टच्या रिपलने बायस ०.१८ मिलिअँपने हलतो आणि तेवढ्यानेच पायरी सुमारे ४० पिकोसेकंद मागेपुढे होते. १५० पिकोसेकंदांची एज दाखवायची आणि ती ४० ने थरथरू द्यायची, यात अर्थ नाही. अॅडॅप्टरमधून आलेल्या उणे १२ ऐवजी उणे १५ किंवा १८ घेऊन त्यावर ७९१२ हा उणे १२ व्होल्टचा रेग्युलेटर बसवला आणि ४७ ओहमच्या मागच्या टोकाला १०० नॅनोफॅरड ग्राउंडला दिला, तेव्हा थरथर माझ्या स्कोपच्या स्वतःच्या थरथरीत बुडाली. ५ व्होल्टची बाजूही तितकीच नाजूक आहे, कारण रिव्हर्स करंट तिच्यावर ठरतो. क्लॉक आणि ७४एसी०४ यांच्या ५ व्होल्टवर दुसरं काही टांगू नका, पंखा तर नाहीच.

आयसीचं नावही वाचून घ्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असो की पुण्यात, ‘सेव्हन्टीफोर झिरोफोर’ म्हटलं की हातात बहुधा एचसी येतो. ७४एचसी०४ ची चढण पाच-सहा नॅनोसेकंदांची आणि आउटपुट अशक्त. त्यावर हा डायोड चढणीच्या मध्येच रिकामा होतो आणि वर सांगितलेलं अर्धवट पायरीचं चित्र हुबेहूब दिसतं, बायस बरोबर असूनसुद्धा. एसी कुटुंबातला आयसी आणि शक्यतो एसएमडी घ्या. डिप आयसीच्या लांब पायांत १० नॅनोहेन्री धरले तर ११५ मिलिअँप दोन नॅनोसेकंदांत उचलताना ग्राउंडच अर्धा व्होल्ट उडतो. १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक सप्लायच्या पायाला टेकूनच बसवा.

शेवटी मांडणी. सगळे आकडे बरोबर आले, हार्मोनिकही उडी मारतो, तरी पायरीच्या आधी एक उंचवटा दिसतो आणि नंतर झणझणाट. हा डायोडच्या पायांचा इंडक्टन्स आहे. मिलीमीटरला पाऊण ते एक नॅनोहेन्री धरा. गेट चढत असताना डायोडचा करंट दोन नॅनोसेकंदांत १०० मिलिअँपने उलटतो. पायांत ५ नॅनोहेन्री असतील तर त्या काळात पाव व्होल्टचा उंचवटा येतो, अगदी मोजून. आणि तुटल्यावर हेच ५ नॅनोहेन्री डायोडच्या १ पिकोफॅरडशी जुळून सव्वादोन गिगाहर्ट्झवर वाजत राहतात. तुमचा उंचवटा किती व्होल्टचा आहे ते पाहा, त्याला २० ने गुणा, म्हणजे नॅनोहेन्रीत उत्तर हातात येईल. ब्रेडबोर्डवर हे सर्किट करू नका असं सगळे सांगतात, त्याचं कारण या एका आकड्यात आहे.

मी करतो ते असं. १.६ मिलीमीटरच्या दुहेरी एफआर४ कॉपर क्लॅडवर ३ मिलीमीटर रुंदीचा ट्रॅक कापतो, तो ५० ओहमच्या जवळ येतो. ट्रॅकच्या शेजारी अर्ध्या मिलीमीटरची चीर ठेवून वरच्या बाजूलाही तांबं तसंच राखतो. नुसती एक तार आरपार घालून ग्राउंड गाठला तर तिथेच एक नॅनोहेन्री जातो, म्हणून डायोडजवळच्या कडेला तांब्याची पट्टी वरून खाली गुंडाळून दोन्ही बाजूंनी डाग देतो. डायोड त्या चिरेवर आडवा, पाय जवळजवळ उरतच नाहीत इतके कापून. काचेच्या डायोडला डाग देताना दुसऱ्या बाजूने चिमट्याने धरतो आणि तीन सेकंदांत आयर्न उचलतो. एसएमए कनेक्टर बोर्डाच्या कडेचा, ट्रॅकच्या सरळ रेषेत. डायोड आणि कनेक्टर यांच्यात जितकं अंतर कमी तितकं बरं, पण त्याहून महत्त्वाचा आहे तो २० डीबीचा अॅटेन्युएटर, आणि तो थेट बोर्डाच्या कनेक्टरवरच हवा, स्कोपकडच्या टोकाला नाही. आरजी-५८ केबल मीटरला ५ नॅनोसेकंद घेते. मीटरभर केबलच्या टोकाला काही बिनसलं तर परावर्तन १० नॅनोसेकंदांनी ट्रॅकवर परत येतं. अॅटेन्युएटर आधी असेल तर ते जाताना २० आणि येताना २० डीबी मार खाऊन येतं.

हे सगळं मी केबलींसाठी करतो. जुन्या अँटेना केबलीत पाणी कुठे शिरलं आहे, कनेक्टर नेमका कुठे दबला आहे, हे परावर्तनावरून शोधायचं असतं. गेटच्या नुसत्या चढणीने केबलमधले पंधरा-वीस सेंटिमीटर एकमेकांत मिसळून जातात. १५० पिकोसेकंदांच्या एजने आरजी-५८ मध्ये दीड सेंटिमीटरवरच्या दोन खोडी वेगळ्या काढता येतात, फक्त पाहायला तेवढा वेगवान स्कोप हवा. ओळखीच्या एका प्रयोगशाळेत मोठ्या सॅम्पलिंग स्कोपवर माझा बोर्ड लावून पाहिला, तेव्हा कनेक्टरची पिन आणि डाग यांमधला टप्पासुद्धा ट्रेसवर वेगळा उमटला होता. परत आल्यावर प्रीसेटच्या खाचेवर नेलपॉलिशचा थेंब टाकला आणि शेजारी मार्करने लिहून ठेवलं: ४७ ओहमवर १.९८ व्होल्ट, ट्रॅकवर उणे ०.७६, डायोडला १२ मिलिअँप. एज पुन्हा हलली की आधी हे दोन आकडे मोजतो.